वेब टूलमध्ये डिक्लाइन कर्व्ह बसवताना: आधी काय, मग काय

ऐरोली, महापे, बेलापूरच्या ऑफिसांत तेल-वायूच्या विहिरींचा डेटा हाताळणारी बरीच मुलं-मुली भेटतात. काहींनी पेट्रोलियमचं शिक्षण घेतलेलं असतं, बहुतेकांनी नाही. कॉम्प्युटर किंवा मेकॅनिकल करून प्रोजेक्टमुळे इकडे आलेली असतात. चूक मात्र सगळ्यांची एकच. वेब टूलचं लॉगिन मिळालं की पहिल्या दहा मिनिटांत फाईल अपलोड होते, 'ऑटो फिट' दाबलं जातं, ठिपक्यांतून छान रेघ जाते आणि ती रेघ संध्याकाळपर्यंत पीपीटीत पोहोचते. पुढच्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, "हे तेल एवढं आलं कुठून?" उत्तर कुणाकडेच नसतं.

दळणात खडे असले तरी गिरणी दळतेच. वेब टूलचंही तसंच आहे. द्याल त्या आकड्यांतून ते रेघ काढून देणार.

इथे एकच काम धरलं आहे: एका तेलविहिरीच्या उत्पादनाच्या नोंदी घ्यायच्या, ब्राउझरमधल्या टूलमध्ये डिक्लाइन कर्व्ह, म्हणजे विहिरीचा दर काळानुसार कसा घसरतो ते दाखवणारी रेघ, बसवायचा आणि पुढे किती तेल निघेल ते काढायचं. व्हिटसन-प्लस असो, कॉम्बोकर्व्ह असो, नाहीतर ऑफिसात कुणीतरी गूगलच्या कोलॅबवर लिहिलेली प्रोग्रामची नोटबुक असो, बटणं बदलतात, कामाचा क्रम बदलत नाही. एका विहिरीला पहिल्यांदा दोन दिवस लागतात, आणि त्यांतले जेमतेम दोन तास टूल उघडं असायला हवं.

## टप्पा १: डेटा कुणाचा आणि जाणार कुठे

वेब टूल म्हणजे तुमची फाईल दुसऱ्याच्या सर्व्हरवर. हे सगळ्यांना माहीत असतं, पण अपलोडच्या वेळी आठवत नाही. भारतातल्या तेलक्षेत्रांच्या डेटाची मालकी सरकारची. कंपन्या तो करारानुसार वापरतात. परदेशी ग्राहकाचा डेटा असेल तर त्याच्या करारातही सर्व्हर कोणत्या देशात असावा याचं कलम असू शकतं. टूलचा सर्व्हर कुठे आहे आणि तिथे हा डेटा ठेवायला परवानगी आहे का, हे दोन प्रश्न मेलवर विचारा आणि उत्तरही मेलवरच घ्या. चहाच्या टपरीवर मिळालेलं "हो रे, चालतं" उत्तरात धरू नका.

हात बसवण्यासाठी ऑफिसचा डेटा लागतच नाही. नॉर्वेच्या बाजूच्या उत्तर समुद्रातल्या व्होल्व्हे या क्षेत्राचा जवळपास सगळा डेटा इक्विनॉर कंपनीने २०१८ मध्ये खुला केला. २००८ ते २०१६ या काळातलं उत्पादन त्यात विहिरीनुसार आहे: रोजचा एक तक्ता आणि महिन्याचा एक. सराव त्यावर करा. पुढे उदाहरणं देताना मीही त्याचाच आधार घेणार आहे.

इशारा: विहिरीचं नाव बदलून "विहीर अ" केलं म्हणजे डेटा निनावी झाला असं नाही. अक्षांश-रेखांशाचे रकाने तसेच राहिले तर नकाशावर बोट ठेवून ओळखता येते.

## टप्पा २: तीन फायली

मूळ, साफ केलेली आणि अपलोडची. मूळ फाईल आली तशी 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवा आणि तिला हात लावू नका. साफ केलेल्या फाईलमध्ये प्रत्येक बदलासमोर शेवटच्या रकान्यात कारण लिहा. अपलोडच्या फाईलमध्ये टूलला लागतात तेवढेच रकाने. पुढे एखादा आकडा कुठून आला असं कुणी विचारलं तर या तीन फायली उलट क्रमाने उघडायच्या.

## टप्पा ३: एककं

माझ्या पाहण्यात सर्वात मोठ्या चुका इथेच होतात, आणि त्या दिसतही नाहीत, कारण रेघ तर व्यवस्थितच बसते.

तेल: १ घनमीटर म्हणजे ६.२८९८ बॅरल. व्होल्व्हेचे आकडे घनमीटरमध्ये आहेत. टूलची मूळ सेटिंग बॅरलवर असेल आणि तुम्ही ती बदलली नाहीत, तर सहा पट तेल हरवलं.

वायू: इथे खरी गंमत आहे. अमेरिकी पद्धतीत 'एम' म्हणजे हजार आणि 'एमएम' म्हणजे दहा लाख. ही रोमन अंकांची जुनी सवय. मेट्रिक पद्धतीत मात्र 'एम' म्हणजे मेगा, म्हणजे दहा लाख. आपल्याकडे वायू एमएमएससीएमडीमध्ये मोजतात, तिथे एमएम म्हणजे दहा लाख घनमीटर रोज. तीन जणांनी भरलेल्या एकाच फाईलमध्ये या तिन्ही सवयी सापडू शकतात. १ घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट, हे रूपांतर वेगळं करायचं ते आहेच.

दाब: आपल्या जुन्या नोंदी बहुधा किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असतात. १ किलो म्हणजे १४.२२ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), १ बार म्हणजे १४.५० पीएसआय. दोन्ही इतके जवळ आहेत की अदलाबदल झाली तरी डोळ्याला खटकत नाही, दोन टक्क्यांचा फरक मुकाट्याने राहून जातो. शिवाय गेजचा दाब की निरपेक्ष, हेही विचारा. दोघांत वातावरणाच्या दाबाचा, म्हणजे सुमारे १४.७ पीएसआयचा फरक असतो. खोल विहिरीच्या तळाशी त्याने फारसं बिघडत नाही. दाब उतरलेल्या वायूच्या विहिरीत बिघडतं.

तपासा: वायूला तेलाने भागून वायू-तेल गुणोत्तर काढा आणि त्याचा आलेख पाहा. मेट्रिकमधून फूट-बॅरलमध्ये येताना हे गुणोत्तर ५.६१५ ने गुणलं जातं. आलेखात कुठेही पाचपट, सहापट, पस्तीसपट किंवा हजारपट उडी दिसली तर ती भूगर्भातली घटना नाही, कुणीतरी एकक बदललं आहे.

## टप्पा ४: तारखा आणि अंक

महिन्याच्या नोंदींत प्रत्येक महिना १ तारखेने लिहिलेला असतो: ०१/०४/२०१९ म्हणजे आपल्यासाठी १ एप्रिल. टूल अमेरिकी पद्धतीने वाचत असेल तर ते ४ जानेवारी. वर्षाचे बाराही महिने जानेवारीच्या पहिल्या बारा दिवसांत कोंबले जातात. आलेखात दरवर्षी जानेवारीत एक ठिपक्यांचा पुंजका आणि मग वर्षभर शुकशुकाट, असं चित्र दिसलं तर आजार हाच. यावर उपाय म्हणजे वर्ष-महिना-दिवस असा क्रम, २०१९-०४-०१ या थाटात, आणि तो रकाना मजकूर म्हणून जपलेला.

दुसरी भानगड खास वेब टूलची आहे. पुष्कळ सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतात. आपण साडेपाच तास पुढे. आपल्याकडच्या १ एप्रिलच्या मध्यरात्री तिथे ३१ मार्चचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. परिणामी एप्रिलचं उत्पादन मार्चच्या खात्यात जातं. महिन्याच्या तक्त्यात सगळं एक महिना मागे सरकतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण रेघेचा आकार तोच राहतो. फाईलमध्ये फक्त तारीख द्या, वेळ देऊ नका. टूल वेळ मागतच असेल तर दुपारचे बारा लिहा, म्हणजे कुठेही सरकली तरी तारीख तीच राहते.

तिसरं, उत्पादनाचा 'दिवस' कधी सुरू होतो हे विचारा. अनेक ठिकाणी तो सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६ असतो. दाबाची नोंद मध्यरात्री ते मध्यरात्र आणि तेलाची सहा ते सहा असेल, तर विहीर बंद झालेल्या दिवशी दोन्ही जुळणार नाहीत. त्याला दोष म्हणू नका, नोंद करून ठेवा.

व्होल्व्हेच्या रोजच्या तक्त्यात एक मजा आहे. विहीर दिवसात किती तास चालू होती या रकान्यात काही ठिकाणी २५ आकडा दिसतो. पहिल्यांदा पाहणारा तो चूक समजून पुसतो. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे घेतात, त्या दिवशी खरंच २५ तास असतात. विचित्र दिसणारा आकडा पुसण्याआधी पाच मिनिटं थांबावं ते यासाठी.

अंकांबद्दल तीन बारीक गोष्टी. लाखांचे स्वल्पविराम काढा. १,२३,४५६ असा आकडा सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडणाऱ्या फाईलमध्ये) गेला तर त्याचे तीन रकाने होऊ शकतात. देवनागरी अंक असतील तर ते बदला, बहुतेक टूल त्यांना मजकूर समजतात. आणि विहिरीचं नाव "९-१२" असं असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये दोन विहिरी अशाच 'डिसेंबर' आणि 'नोव्हेंबर' होऊन आठवडाभर बेपत्ता होत्या.

## टप्पा ५: बंद तास

आता भागाकार. महिन्याच्या उत्पादनाला कशाने भागायचं? सरावासाठी बनवलेली ही विहीर पाहा:

- एप्रिल: ७२० तासांपैकी ७२० चालू, ३६,००० बॅरल
- मे: ७४४ तासांपैकी ५९५ चालू, २९,१०० बॅरल
- जून: ७२० तासांपैकी ७२० चालू, ३४,५०० बॅरल

कॅलेंडरच्या दिवसांनी भागलं तर रोजचा दर १,२००, मग ९३९, मग १,१५० येतो. टूलला दिसतं की विहीर कोसळली आणि जूनमध्ये पुन्हा जिवंत झाली. प्रत्यक्षात मे महिन्यात ती दुरुस्तीसाठी बंद होती, बस. चालू दिवसांनी भागा: १,२००, १,१७४, १,१५०. दर महिन्याला साधारण दोन टक्के उतार, शांत आणि सरळ. कर्व्ह बसवायचा तो या दरांवर.

चालू तासांचा रकानाच नसेल तर? विहिरीच्या रोजच्या नोंदवहीतून काढा. तीही नसेल तर बंद असलेले महिने कर्व्हमधून वगळा आणि तसं लिहा. अंदाजाने २५ दिवस धरणं ही मखलाशी आहे.

बंद विहीर पुन्हा उघडल्यावर पहिले काही दिवस दर चढा असतो, कारण बंद काळात तळाशी दाब साठलेला असतो. हे काही दिवस विहिरीची ताकद दाखवत नाहीत. रोजच्या डेटावर काम करत असाल तर ते वगळा.

इशारा: शून्य आणि रिकामी जागा एक नव्हे. शून्य म्हणजे मोजलं आणि काही आलं नाही. रिकामं म्हणजे मोजलंच नाही. लॉगच्या, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या मोजमापांच्या, फायलींमध्ये रिकाम्या जागी -९९९.२५ लिहिण्याची पद्धत आहे, आणि तो आकडा चुकून उत्पादनाच्या तक्त्यात चिकटवलेलाही पाहिला आहे.

## टप्पा ६: विहिरीची डायरी

हा टप्पा सगळे टाळतात, कारण त्यात फोन करावे लागतात. माझ्या मते अख्ख्या कामातला हाच सर्वात मोलाचा भाग आहे, आणि तो कुठलंही टूल तुमच्यासाठी करू शकत नाही.

डिक्लाइन कर्व्हचं समीकरण आर्प्स या अभियंत्यांनी १९४५ मध्ये मांडलं. त्यामागची अट साधी आहे: विहीर ज्या रीतीने चालवत होतो, त्याच रीतीने पुढेही चालवणार. चोक (प्रवाह आवळणारी झडप) तोच, तळाचा दाब साधारण तोच, गॅस लिफ्ट (तेल वर आणायला विहिरीत सोडलेला वायू) तेवढीच. अट मोडली की जुने ठिपके एका विहिरीचे आणि नवे ठिपके जणू दुसऱ्या विहिरीचे होतात. म्हणून कागदावर उभी यादी करा: चोक कधी बदलला, गॅस लिफ्ट कधी लावली किंवा वाढवली, वर्कओव्हर, म्हणजे विहिरीची मोठी दुरुस्ती, कधी झाला, नवा थर कधी उघडला, पाणी वर येऊ लागल्यावर कोणता भाग बंद केला. शेजारच्या विहिरीतून पाणी आत सोडायला कधी सुरुवात झाली, हेही लिहा. त्याचा परिणाम तुमच्या विहिरीवर काही महिन्यांनी दिसतो.

विहिरीचा प्रकारही बदलू शकतो. व्होल्व्हेची एफ-५ बराच काळ पाणी आत सोडणारी विहीर होती आणि अखेरच्या काळात तिच्यातून तेल काढलं. प्रवाहाचा प्रकार सांगणारा रकाना न पाहता बेरीज केली तर आत सोडलेलं पाणी आणि बाहेर आलेलं पाणी एकाच पिशवीत जातं.

आता ॲलोकेशन, म्हणजे एकूण उत्पादनाची विहिरींमध्ये वाटणी. समुद्रातल्या क्षेत्रांत बहुधा प्रत्येक विहिरीला सतत मोजणारं मीटर नसतं. मुंबई हायचं तेल-वायू समुद्राखालच्या पाइपलाइनने उरणला येतं. अशा साखळीत एकत्र आलेल्या प्रवाहाचं मोजमाप पक्कं असतं, एकेका विहिरीचं नाही. प्रत्येक विहीर अधूनमधून टेस्ट सेपरेटरवर (एकाच विहिरीचं तेल, वायू, पाणी वेगळं करून मोजणाऱ्या टाकीवर) घेतात, तिचा दर काढतात आणि मग एकूण उत्पादन त्या प्रमाणात विहिरींमध्ये वाटतात. तुमच्या फाईलमधला 'विहिरीचा आकडा' असा वाटणीतून आलेला असतो. शेजारची विहीर बंद पडली, कुणी टेस्ट चुकवली, वाटणीचा गुणक बदलला, की तुमच्या विहिरीचा आकडा हलतो आणि जमिनीखाली मात्र काहीच घडलेलं नसतं.

तपासा: टेस्टच्या तारखा आणि टेस्टमधले दर वेगळ्या रंगाने त्याच आलेखावर टाका. वाटणीचे ठिपके टेस्टच्या ठिपक्यांपासून सतत दूर असतील तर टेस्टवर विश्वास ठेवा आणि उत्पादन विभागाला फोन करा. एकाच प्लॅटफॉर्मच्या सगळ्या विहिरी एकाच महिन्यात सारख्याच टक्क्यांनी घसरल्या असतील, तर तो बहुतेक गुणकाचा खेळ आहे.

## टप्पा ७: आता टूल उघडा

अपलोड करा, रकाने जुळवा. जुळवताना टूल स्वतः अंदाज करतं आणि बरेचदा बरोबर करतं, म्हणूनच तो नीट वाचला जात नाही. प्रत्येक रकान्यासमोर एकक स्वतः निवडा. मग तीन गोष्टी पाहा: ओळींची संख्या फाईलइतकीच आहे का, पहिली आणि शेवटची तारीख बरोबर आहे का, आणि तेलाची एकूण बेरीज एक्सेलमधल्या बेरजेशी जुळते का. तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. वर सांगितलेल्या तारखा-एककांच्या निम्म्या चुका या बेरजेतच सापडतात.

नेट गेलं, लाईट गेली, सेशन संपलं, तर स्क्रीनवर दिसत असलेलं काम सर्व्हरवर पोहोचलेलं असेलच असं नाही. 'जतन झालं' अशी ओळ दिसेपर्यंत टॅब बंद करू नका. एकाच प्रोजेक्टवर दोघांनी एकाच वेळी काम करू नका. पुष्कळ टूलमध्ये शेवटी जतन करणाऱ्याचं खरं धरलं जातं.

## टप्पा ८: कोणता तुकडा

ऑटो फिट सगळे ठिपके घेतं. तुम्ही घेऊ नका. टूलमध्ये तीन आलेख उघडा: एक, वेळेविरुद्ध दर (दराची बाजू लॉग मापात); दोन, एकूण उत्पादनाविरुद्ध दर (साध्या मापात); आणि तीन, पाण्याचं प्रमाण. टप्पा ६ मधली यादी शेजारी ठेवून प्रत्येक घटनेवर उभी रेघ मारा.

कर्व्ह बसवायचा तो शेवटच्या मोठ्या घटनेनंतरच्या तुकड्यावर. त्यात निदान वर्षभराचे ठिपके असावेत असा मी आग्रह धरतो. कमी असतील तर उत्तर देता येत नाही असं सांगायला लाजू नका.

दुसरा आलेख मला जास्त आवडतो. घसरण एकाच टक्क्याने होत असेल तर एकूण उत्पादनाविरुद्ध दर ही सरळ रेघ येते, आणि ती तारखांवर अवलंबून नसते. वेळेच्या आलेखातून एक उत्तर आणि यातून भलतंच उत्तर आलं, तर परत टप्पा ४ आणि ५ कडे.

## टप्पा ९: 'बी'चा आकडा

आर्प्सच्या समीकरणात तीन गोष्टी असतात: सुरुवातीचा दर, सुरुवातीची घसरण, आणि घसरण पुढे किती मंदावते ते सांगणारा 'बी'. बी शून्य असेल तर घसरणीचा टक्का कायम. बी एक असेल तर घसरण सतत मंदावत जाते. मधले आकडे मधल्या वागण्याचे.

एक दिवस टीममधली एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली: "सर, टूलने बी दीड दिलाय, आणि रेघ तर एकदम परफेक्ट बसलीये." बसलेलीच होती. नुसती रेघ बसणं पुरेसं का नाही, ते आकड्यांत पाहू.

सरावाच्या विहिरीचा आजचा दर रोज १,१५० बॅरल. समजा मागच्या दोन वर्षांच्या नोंदींतूनही महिन्याला ०.०२१, म्हणजे वर्षाला ०.२५२ अशी घसरण निघते. रोजचा दर १०० बॅरलवर आला की विहीर परवडत नाही असं धरू. आता फक्त बी बदला.

- बी शून्य: वर्षभरानंतर दर ८९४, विहीर ९.७ वर्षं चालते. पुढचं तेल १५.२ लाख बॅरल
- बी अर्धा: वर्षभरानंतर दर ९०७, १९ वर्षं, २३.५ लाख बॅरल
- बी एक: वर्षभरानंतर दर ९१९, ४१.७ वर्षं, ४०.७ लाख बॅरल

पहिल्या वर्षाअखेर तिघांत रोज जेमतेम २५ बॅरलचा फरक आहे. टेस्ट सेपरेटरच्या मोजमापातली चूकही कधीकधी याहून मोठी असते. म्हणजे वर्षभराच्या ठिपक्यांतून तिन्ही रेघा तितक्याच 'परफेक्ट' बसतात. आणि शेवटच्या आकड्यात मात्र अडीच पटीहून जास्त फरक. बी ठिपक्यांतून येतो असं टूल दाखवतं. थोड्या ठिपक्यांच्या वेळी तो खरं तर तुमच्या समजुतीतून येतो.

एकाहून जास्त बी बहुधा तेव्हा दिसतो जेव्हा विहिरीच्या दाबाचा परिणाम अजून साठ्याच्या कडेपर्यंत पोहोचलेला नसतो. घट्ट खडकांत हा काळ लांबतो. त्या काळातले ठिपके घेऊन पन्नास वर्षांचं भाकीत करणं म्हणजे पहिल्या पावसावरून वर्षाचं पाणी मोजणं. तसं करावंच लागलं तर घसरण एका ठरावीक टक्क्यावर आली की पुढे बी शून्य धरण्याची सोय टूलमध्ये असते, ती वापरा. सामान्य तेलविहिरीत मी बी शून्यापासून सुरू करतो आणि वर न्यायचा असेल तर कारण शोधतो. त्याच क्षेत्रातल्या जुन्या, संपत आलेल्या विहिरी काय सांगतात हे सर्वात भरवशाचं कारण.

वायूची विहीर असेल आणि साठ्याच्या दाबाच्या चार-पाच चांगल्या नोंदी असतील, तर दाबाला झेडने (खरा वायू आदर्श वायूपेक्षा किती वेगळा वागतो ते सांगणाऱ्या गुणकाने) भागून एकूण वायूविरुद्ध रेघ काढा आणि उत्तर जुळतं का पाहा. तिथे निरपेक्ष दाबच लागतो. खालून पाणी दाब देत असेल तर ही रेघ वायू फुगवून दाखवते, तेवढं लक्षात ठेवा.

## टप्पा १०: घसरणीचे दोन टक्के

टूलमध्ये घसरणीच्या आकड्यासमोर 'नॉमिनल' किंवा 'इफेक्टिव्ह' असं लहान अक्षरांत लिहिलेलं असतं. समीकरणात जातो तो नॉमिनल. वर्षाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत दर प्रत्यक्ष किती टक्के पडला तो इफेक्टिव्ह. आपल्या विहिरीचा नॉमिनल ०.२५२, म्हणजे २५.२ टक्के, इफेक्टिव्ह २२.३ टक्के. मीटिंगमध्ये कुणी "२२.३ टक्के" म्हणालं आणि तुम्ही तो आकडा नॉमिनलच्या खान्यात टाकलात, तर बी शून्य असतानाही १५.२ लाखांचे १७.२ लाख होतात. दोन लाख बॅरल एका शब्दापायी.

महिन्याचा इफेक्टिव्ह टक्का बाराने गुणून वर्षाचा होत नाही हेही इथेच. महिन्याला २ टक्के म्हणजे वर्षाला २४ नव्हे, २१.५.

## टप्पा ११: भाकीत आणि उलट तपासणी

टप्पा ५ मध्ये आपण चालू दिवसांचा दर घेतला होता. भाकितात बंद दिवस परत आणायचे असतात, हे निम्मे लोक विसरतात. विहीर ९० टक्के वेळ चालू राहील असं धरलं तर १५.२ लाखांचे १३.७ लाख होतात. टूलमध्ये यासाठी वेगळा खाना असतो. नसेल तर हाताने गुणा.

मग शेवटचे १२ महिने झाका. त्याआधीच्या ठिपक्यांवर त्याच पद्धतीने, त्याच बीने कर्व्ह बसवा आणि झाकलेल्या वर्षाचं एकूण उत्पादन किती येतं ते प्रत्यक्षाशी ताडून पाहा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी पुढे जातो. त्याबाहेर असेल तर बी किंवा तुकडा बदलून आकडा ओढूनताणून जुळवू नका. त्या वर्षात विहिरीत काय घडलं ते डायरीत शोधा.

उत्तर देताना एक आकडा देऊ नका, तीन द्या: कमी, मधला, जास्त, आणि प्रत्येकासमोर बी.

## टप्पा १२: उतरवून ठेवा

वेब टूलची आवृत्ती तुम्हाला न विचारता बदलते. आज आलेला आकडा सहा महिन्यांनी त्याच प्रोजेक्टमधून तसाच येईल याची खात्री नाही. म्हणून काम झालं त्याच दिवशी कर्व्हचे तिन्ही आकडे, वापरलेला तुकडा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, वगळलेले ठिपके आणि त्यांची कारणं, परवडण्याची मर्यादा, चालू वेळेचा टक्का आणि टूलची आवृत्ती हे सगळं साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहा. अंदाजाचा तक्ता सीएसव्हीत उतरवा. आलेखाचा स्क्रीनशॉट घ्या, पण त्यावर विसंबू नका; चित्रातून नेमके आकडे परत काढता येत नाहीत. शेअर करायची लिंक बनवली असेल तर ती कोण उघडू शकतं ते पाहा आणि प्रोजेक्ट संपल्यावर बंद करा.

आणि मूळ फाईल? ती अजून 'फक्त वाचण्यासाठी'च आहे ना, ते एकदा बघून घ्या.